तीन वर्षांत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई

डोलवी (ता. पेण), प्रतिनिधी : बारावीनंतर एमबीबीएसची प्रदीर्घ वाट धरावी, की फिजिशियन असिस्टंटसारखा कमी मुदतीचा अभ्यासक्रम घ्यावा, हा प्रश्न आज येथील अनेक घरांत आहे. डोलवीजवळच्या वडखळ नाक्यावरून रस्ता अलिबागला वळतो. त्याच अलिबागेत टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांची एकेकाळी बदली झाली होती. त्यांच्या पत्नीपुढेही जवळपास हाच प्रश्न उभा राहिला.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरच्या यमुना, कल्याणच्या. नवव्या वर्षी विवाह झाला. पुढे अवघ्या दहा दिवसांचे बाळ दगावले आणि वैद्यकीचा ध्यास लागला.

सुईणीचे शिक्षण देणारे वर्ग तेव्हा हिंदुस्थानात होते. ते पत्करले असते तर समुद्र ओलांडावा लागला नसता, लोकनिंदाही टळली असती. परंतु हे शिक्षण अपुरे असल्याचे त्यांनी फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर सभेत निक्षून सांगितले. अठराव्या वर्षी भरसभेत असे बोलण्यास केवढे धैर्य लागले असेल! विशेष म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे स्त्रियांना त्याच वर्षी उघडली. तोवर त्या निघून गेल्या होत्या.

७ एप्रिल रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना लेकीप्रमाणे सांभाळले. दंतवैद्याकडे बसल्या असता या बाईंच्या वाचनात गोपाळरावांचे पत्र आले होते. तेथूनच हा स्नेह जुळला. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात तीन वर्षांत पूर्ण पदवी मिळत असे. मुदत थोडी, अभ्यास मात्र पुरता. परकी भाषा, शाकाहार आणि कडाक्याची थंडी यांत प्रकृती ढासळत गेली. तरीही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून त्यांनी ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. पदवी मिळविली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

ही घाई त्यांच्या जिवावर बेतली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण प्रकृती मुळातच नाजूक होती आणि क्षयाला तेव्हा औषध नव्हते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री विभागाची नेमणूक हाती होती. तेथे रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, ती आजही आहे.