रोनाल्ड फिशर आणि आठ कप चहा

संख्याशास्त्र घडवणारा हा माणूस काही वर्षं आपल्यासारखाच शाळेत शिकवत होता, हे तुम्हाला माहीत आहे का?

रोनाल्ड फिशर यांचा जन्म १८९० चा, लंडनचा. नजर इतकी अधू की शाळेत असताना विजेच्या दिव्याखाली वाचायला बंदी! मग शिकवणीत कागद-पेन्सिल नाहीच, सगळं गणित मनात. पुढे केंब्रिजला शिकले. नजरेमुळे सैन्यात घेतलं नाही, म्हणून पहिल्या महायुद्धात शाळेत गणित, भौतिकशास्त्र शिकवलं. १९१९ ला रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात लागले.

तिथे म्युरिअल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाईंचा दावा होता की कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून कळतं. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. फिशर यांनी मात्र यातून प्रयोग उभा केला आणि १९३५ च्या पुस्तकात मांडला. आठ कप, चारात आधी दूध, चारात आधी चहा, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. बाईंनी दुधाचे चार ओळखायचे.

आता फळ्यावर मांडून बघा. निवडलेला कप परत ठेवायचा नाही. नुसत्या अंदाजाने चारही बरोबर येण्याची संभाव्यता ४/८ × ३/७ × २/६ × १/५, म्हणजे १/७०. प्रत्येक कप परत ठेवला असता तर १/१६. अंदाजाने सरासरी २ कप बरोबर येणार, हे दोन्हीकडे सारखंच. पण प्रचरण, म्हणजे उत्तरं सरासरीभोवती किती विखुरतात ते, १ वरून ४/७ वर येतं. कारण एक बरोबर कप उचलला की मागे बरोबर कप कमी उरतात. (आपल्या ‘जोड्या लावा’ मध्येही निवडी अशाच एकमेकींत अडकलेल्या असतात. चारपैकी तीन जमल्या की चौथी फुकट!)

तीन बरोबर आले तर? तरी दावा मान्य नाही. तीन किंवा चार बरोबर येण्याची संभाव्यता १७/७०, म्हणजे साधारण चार वेळा अंदाज केला तर एकदा तसं होणारच. निकाल काय लागला, हे पुस्तकात दिलेलंच नाही. मला वाटतं मुलांना हीच गोष्ट जास्त आवडेल.

फिशर यांची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. माणसांचा ‘वंश सुधारण्या’च्या विचाराचे ते पुरस्कर्ते होते. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू कंपन्यांचे सल्लागारही होते. १९५२ ला ‘सर’ झाले, १९६२ ला ऑस्ट्रेलियात ॲडलेडला वारले.