पलुस्करबुवा आणि दत्तजयंती

वाडीला आपण सगळेच जातो. नदीपलीकडच्या कुरुंदवाडची आठवण मात्र फारशी कुणाला होत नाही. 18 ऑगस्ट 1872 रोजी विष्णु दिगंबर पलुस्कर तिथे जन्मले. वडील कीर्तनकार. दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि पोराचे दोन्ही डोळे गेले. पुढे उपचारांनी थोडे दिसू लागले, पण शाळा संपली ती संपलीच.

मला हे वाचल्यापासून एकच प्रश्न टोचतो. महाराजांच्याच उत्सवात हे का व्हावे? मंडळातल्या जाणत्यांना विचारून झाले, समाधान काही झाले नाही.

शाळा सुटली म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेले. गुरूची सेवा करायची, तो देईल तेवढेच घ्यायचे, असा तो काळ. 1896 मध्ये मिरज सोडून बुवा फिरत फिरत उत्तरेत गेले आणि 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. फी भरावी आणि वर्गात बसून शिकावे, घराण्याची ओळख लागत नाही! स्वरांना नि मात्रांना खुणा ठरवून त्यांनी पुस्तकेही छापली. डोळे अधू झालेल्या माणसाने गाणे कागदावर आणले, म्हणून तर घरी बसून सराव करता येऊ लागला. निवृत्तीनंतर मी पेटी घेतली ती स्वरलिपीच्याच भरवशावर. अर्थात मींड काही कागदावरून येत नाही, त्याला मास्तरच लागतो. आमचे मास्तर माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहेत आणि चुकलो की सगळ्यांदेखत थांबवतात.

1908 मध्ये बुवांनी मुंबईला शाळा काढली. विद्यार्थ्यांना राहणे-जेवण देत, जलशांच्या कमाईवर सारे चालवत. पुढे कर्ज काढून इमारत बांधली आणि कर्जापायीच ती गेली. बँकेत जन्म गेल्यामुळे मला वाटते, हिशेब बघणारा एक माणूस जवळ हवा होता. नंतर ते नाशिकला रामनामात रमले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत वारले.

मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. तो पुढे विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास या वडिलांच्याच शिष्यांकडे शिकून मोठा गवई झाला. लोक त्यांना डी. व्ही. म्हणत. त्यातला डी म्हणजे दत्तात्रेय. ज्या जयंतीला डोळे गेले, त्याच देवाचे नाव मुलाला.