थिओडोर कुकसाहेब व मुंबई इलाख्याच्या वनस्पति

सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आमच्या वाचकांस अंजनाचें झाड सांगावयास नको. चारा संपला म्हणजे त्याचा पाला गुरांस घालितात, आणि त्याचें लांकूड इतकें कठीण कीं कुऱ्हाडीची धार जाते. परंतु त्याचें जोडपान पाहून कोणी परगांवचा मनुष्य त्यास आपटा म्हणूं लागला, तर त्याची समजूत कशी घालावी? पानावरून निवाडा करूं गेल्यास घोटाळा होतो. फूल व फळ पाहिलें म्हणजे भेद कळतो. आपट्याच्या फुलास पाकळ्या असतात, अंजनाच्या फुलास त्या मुळींच नसतात. आपट्याची शेंग लांब व पुष्कळ बियांची. अंजनाची चपटी, एकाच बीची, ती वाऱ्यानें उडत जाते. तथापि दोन्ही झाडें शेंगांच्याच मोठ्या कुळांतलीं आहेत. मुंबई इलाख्यांतील फुलणाऱ्या वनस्पतींचा असा निवाडा ज्यांनीं एका ग्रंथांत लिहून ठेविला, त्या थिओडोर कुकसाहेबांचें चरित्र आज आम्ही देत आहों.

त्यांचा जन्म १८३६ सालीं आयर्लंडांतील ट्रॅमोर गांवीं झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत शिकून १८६० सालीं ते मुंबई-बडोदें रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले. वसईच्या मोठ्या लोखंडी पुलाच्या बांधकामांत त्यांचा हात होता. १८६५ पासून पुण्याच्या एंजिनियरिंग कॉलेजाचे (पुढें त्यालाच सायन्स कॉलेज म्हणूं लागले) ते मुख्य झाले, व १८९३ सालीं नोकरी सोडीपर्यंत पुण्यासच राहिले. झाडपाला ही त्यांची पोटाची विद्या नव्हती, हें येथें ध्यानांत घ्यावें.

१८९० सालीं सरकारनें हिंदुस्थानांतील वनस्पतींच्या पाहणीचें खातें काढिलें, आणि मुंबई इलाख्याचें काम पुढें त्यांजकडे आलें. त्यांच्या पूर्वीं ग्रॅहॅम यांची १८३९ ची यादी व डॅल्झेल आणि गिब्सन यांचें १८६१ चें पुस्तक, एवढें काम झालें होतें. एकच रोप चार गांवीं चार नांवांनीं ओळखिलें जातें, आणि एकच नांव दोन निराळ्या रोपांस असतें. त्यांतलें एक औषधी व दुसरें विषारी असलें, आणि भलतेंच मूळ उगाळून रोग्यास दिलें, तर जीवाशीं गांठ पडते. म्हणून सर्व देशांत चालणारें एक नांव, त्याखालीं पान, फूल, फळ यांचें वर्णन, ठिकाण, आणि मराठी नांव मिळेल तेथें तेंही, अशी ह्या ग्रंथाची मांडणी आहे.

रोप उपटून, कागदांत दाबून व वाळवून, वर ठिकाण लिहून ठेवण्याचें काम एकट्याचें नव्हे. वुड्रो, कानिटकर इत्यादि अनेकांनीं रानोमाळ हिंडून नमुने जमविले. ज्यानें रोप आणिलें त्याचें नांव ग्रंथांत दिलेलें असतें, आणि तो नमुना ग्रंथकारानें स्वतः पाहिला असल्यास नांवापुढें एक उद्गारचिन्ह असतें. ऐकीव गोष्ट व डोळ्यांनीं पाहिलेली गोष्ट वेगळी ठेवणारें हें चिमुकलें चिन्ह आम्हांस फार मोलाचें वाटतें.

लिहिण्याचें काम मात्र म्हातारपणीं झालें. लंडनजवळ क्यू येथें वाळलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. तेथें बसून त्यांनीं हा ग्रंथ १९०१ पासून १९०८ पर्यंत भागाभागानें प्रसिद्ध केला. पहिला भाग निघाला तेव्हां खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन झाले, आणि ग्रंथाचें काम चालूंच होतें! शेवटचा भाग निघाला तेव्हां साहेबांचें वय बहात्तर वर्षांचें होतें. १९१० च्या नोव्हेंबरांत क्यू येथेंच ते वारले.

त्यांचा ग्रंथ १९५८ सालीं कलकत्त्यास पुन्हा छापिला गेला. धुळें, नंदुरबार व जळगांव येथील वनस्पतींवर निराळे ग्रंथ २००० सालानंतर निघाले. शोध पुढें गेला तशीं त्यांनीं दिलेलीं कित्येक नांवें बदललीं; मोहास त्यांनीं बासिया म्हटलें होतें, त्यास आतां मधुका म्हणतात. अंजनाचें हार्डविकिया बिनाटा हें नांव तेवढें तसेंच राहिलें आहे.