कानांनी वाचावयाची कविता : फादर जेरार्ड मॅनली हॉपकिन्स

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी कवींना नादमाधुर्याची मोठी ओढ होती. टेनिसन यांच्या कवितेचा गोडवा तर सर्वश्रुत होता. त्याच काळात एका धर्मगुरूने कवितेला निराळेच संगीत दिले; परंतु त्यांच्या हयातीत ते फार थोड्यांच्या कानी पडले.

जेरार्ड मॅनली हॉपकिन्स यांचा जन्म २८ जुलै १८४४ रोजी लंडनजवळील स्ट्रॅटफर्ड येथे झाला. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८६६ मध्ये, न्यूमन यांच्या हस्ते ते कॅथॉलिक झाले. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या कविता जाळल्या आणि येशूसंघात प्रवेश केला. वरिष्ठांची इच्छा असल्याखेरीज लिहावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. सात वर्षे तो जवळजवळ अखंड टिकला.

डिसेंबर १८७५ मध्ये 'डॉइचलंड' हे जहाज थेम्सच्या मुखाजवळ वाळूत रुतले. जर्मनीतून परागंदा झालेल्या पाच फ्रान्सिस्कन धर्मभगिनी त्यात मृत्युमुखी पडल्या. यावर कोणीतरी कविता लिहावी, असे रेक्टरांनी बोलून दाखविले आणि हॉपकिन्स यांच्या कानात घुमणाऱ्या नव्या लयीला वाट मिळाली.

प्रचलित इंग्रजी वृत्तात आघाती व अनाघाती अक्षरे ठरावीक क्रमाने येत. हॉपकिन्स केवळ आघात मोजत. मधली अक्षरे कधी तीन, तर कधी एकही नाही. गायक तालाच्या एका मात्रेत कधी एक, तर कधी चार स्वर बसवितो, तसेच हे. ही लय साध्या बोलण्यात आणि बालगीतांत आहेच, असे ते म्हणत. वाचकाचा आघात चुकू नये म्हणून ते शब्दांवर खुणाही करीत.

येशूसंघाच्या मासिकाने ती कविता छापली नाही. १८७७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८७९ मध्ये त्यांनी संगीतकार पर्सेल यांच्यावर सुनीत रचले. १८८४ पासून ते डब्लिनला ग्रीकचे प्राध्यापक होते. उत्तरपत्रिकांचे ओझे आणि मनाची उदासी यांतही ते गीतांना चाली लावीत. ८ जून १८८९ रोजी विषमज्वराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ४४.

मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१८ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या ७५० प्रती खपण्यास दहा वर्षे लागली. आज इंग्रजी काव्याचा विचार त्यांना वगळून होत नाही.

स्तोत्रसंहितेतील स्तोत्रांप्रमाणेच ही कविताही मुखाने म्हणावयाची आहे. जे गीत आज्ञापालनासाठी मुके ठेवले, ते प्रभूने वाया जाऊ दिले नाही.