पाणी मोजणारा कॅप्टन कुक

माझे माहेर खाडीकाठचे. लहानपणी पाहिले आहे, गलबते मुखाशी आली की भरतीची वाट पाहत थांबत आणि तांडेल होडी पुढे धाडून पाणी मोजून घेई. त्यामुळे कॅप्टन जेम्स कुकचे चरित्र वाचताना हा परका दर्यावर्दी मला ओळखीचाच वाटला.

कुकचा जन्म 1728 साली यॉर्कशायरमधील एका शेतमजुराच्या घरी झाला. काही दिवस दुकानात काम करून तो व्हिटबी बंदरी कोळशाच्या जहाजांवर उमेदवार म्हणून लागला. ही जहाजे बुडाला सपाट, उथळ पाण्यात टेकली तरी कलंडत नसत. 1768 साली दक्षिण समुद्राच्या सफरीसाठी त्याला मिळालेले 'एंडेव्हर' ह्याच जातीचे.

11 जून 1770 च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ ते पोवळ्याच्या खडकावर चढले. सहा तोफा आणि पुष्कळ सामान समुद्रात टाकल्यावर सुमारे 23 तासांनी सुटले. लोकर व काथ्या लावलेले शीड बाहेरून भोकावर ओढले, तेव्हा आत येणारे पाणी कमी झाले.

होड्यांनी जवळच एक नदी शोधून काढली. आपण असतो तर घाईने आत शिरलो असतो. कुक थांबला! मुखाबाहेर नांगर टाकून तो स्वतः होडीत बसला, ठिकठिकाणी पाणी मोजले आणि वाट अरुंद दिसताच तिच्यावर तरंगत्या खुणा सोडल्या. इतक्यात वारा वाढला. जहाज गळके, माणसे थकलेली, समोर निवांत पाणी. पण अशा वाऱ्यात जहाज हाती राहणार नाही हे जाणून तो तसाच बाहेर राहिला. 17 जूनच्या सकाळी वारा मंदावला, तेव्हा आत शिरला. एवढे करूनही जहाज दोनदा रुतलेच! दुसऱ्या वेळी तर घट्ट बसले. पाणी चढल्यावर दोरखंडांनी ओढून काठाला आणले. पुढे तळ पाहिला तो एका भोकात पोवळ्याचा तुकडाच अडकून बसलेला. त्यानेच सर्वांना तारले होते.

तिथे गुगू यिमिथिर लोकांच्या भूमीवर तो सुमारे सात आठवडे राहिला. धरलेल्या कासवांत त्यांनी वाटा मागितला, तो मिळाला नाही आणि तंटा झाला. ऑगस्टमध्ये तर कुकने कोणालाही न विचारता तो सारा पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावे केला. पाण्याचा इतका अदमास घेणारा माणूस माणसांच्या बाबतीत असा वागला, हे मला खटकते. 14 फेब्रुवारी 1779 रोजी हवाई बेटावर, चोरीस गेलेल्या होडीपायी तिथल्या राजाला ओलीस धरायला तो गेला आणि किनाऱ्यावरच मारला गेला.

त्याची पत्नी एलिझाबेथ. लग्न 1762 चे, मुले सहा. संसारातली बहुतेक वर्षे तिने एकटीनेच काढली. सहाही मुले तिच्या डोळ्यांदेखत गेली. नवऱ्यामागे ती 56 वर्षे जगली आणि 1835 साली वारली. त्याची पत्रे तिने मरणापूर्वी जाळून टाकली होती.