फ्रीडरिक विल्हेल्म रायफायझन : कर्जबाजारी खेडुतांचा मित्र

दुष्काळांत मनुष्य भुकेनें मरतो हें सर्वांस दिसतें. परंतु दुष्काळ सरल्यावर तो कर्जानें कसा मरतो हें फार थोड्यांच्या लक्षांत येतें. पाऊस पुन्हां पडतो, शेत पुन्हां हिरवें होतें, पण पिकाचा धनी मात्र दुसराच झालेला असतो. हें दुःख जसें आमच्या दख्खनचें, तसेंच पावणेदोनशें वर्षांपूर्वीं जर्मनी देशांतील खेड्यांचेंही होतें. त्या दुःखावर ज्या गृहस्थानें औषध शोधून काढिलें, त्याची हकीकत खेड्यांत राहणाऱ्या प्रत्येक बंधुभगिनीनें समजून घेण्याजोगी आहे.

फ्रीडरिक विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म ता. ३० मार्च १८१८ रोजीं ऱ्हाइन प्रांतांत, झीग नदीच्या कांठीं असलेल्या हाम या गांवीं झाला. नऊ भावंडांत ते सातवे. वडील शेतकरी असून कांहीं काळ गांवचे मुख्यही होते. परंतु घराचा तो आधार लवकरच तुटला आणि मुलें वाढविण्याचा सर्व भार आईवर पडला. पैशाच्या अभावीं त्यांस वरच्या विद्यालयांत जातां आलें नाहीं. गांवची शाळा संपल्यावर तेथील पाळक झाइपेल यांनींच त्यांस शिकविलें. सतराव्या वर्षीं ते तोफखान्यांत दाखल झाले. तेथें चांगली बढती होत असतां डोळ्यांच्या विकारानें त्यांस गांठलें, व सन १८४३ मध्यें लष्कर सोडून मुलकी नोकरी पत्करावी लागली. तो विकार जन्मभर त्यांच्या सोबत राहिला.

सन १८४५ मध्यें वायरबुश येथें त्यांची बुर्गरमायस्टर म्हणून नेमणूक झाली. हा अधिकारी तेव्हां अनेक खेड्यांच्या एका समूहाचा कारभार पाहत असे. तेथें ते स्थिर होतात न होतात तोंच सन १८४६-४७ चा भयंकर हिवाळा आला. धान्य पिकलें नाहीं, बटाटे जमिनींतच कुजले. सरकारनें पीठ पाठविलें खरें, परंतु तें रोख पैसे घेऊनच द्यावें असा हुकूम होता. आणि ज्यांच्या हातीं रोकड नव्हती तेच तर उपाशी होते. रायफायझन यांनीं तो हुकूम बाजूस ठेविला. गांवांतील सुखवस्तु लोकांस एकत्र करून त्यांजकडून पैसा उभारिला आणि गरिबांस पीठ उधार दिलें. पुढें एक भट्टी बांधून तेथें बाजारापेक्षां पुष्कळ स्वस्त भाकरी मिळेल अशी तजवीज केली, व वसंत ऋतु येतांच लागवडीसाठीं बटाट्याचें बियाणेंही मिळवून दिलें. हुकमापेक्षां उपाशी मनुष्याकडे त्यांनीं आधीं पाहिलें. तथापि उधारीचा हिशेबही त्यांनीं सोडला नाहीं.

सन १८४८ मध्यें त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथें झाली. तेथें भूक ओसरली होती, पण कर्ज राहिलें होतें. गाईवांचून शेतकऱ्याचें चालत नसे, आणि गाय घ्यावयास पैसा नसे. व्यापारी गाय उधारीवर देई. किंमत तोच ठरवी, व्याज तोच मोजी, आणि हप्ता चुकला कीं गाय ओढून नेई. वर्षभर चारा घातला शेतकऱ्यानें, आणि दूध, वासरूं व गाय गेलीं व्यापाऱ्याकडे! सन १८४९ मध्यें रायफायझन यांनीं सुमारें साठ सधन गृहस्थांचें एक साहाय्यक मंडळ स्थापिलें. हें मंडळ रोखीनें गुरें विकत घेई व गरीब शेतकऱ्यांस हप्त्यांनीं देई. फेडीस पांच वर्षांची मुदत असे.

सन १८५२ मध्यें ते नॉयवीड शहराजवळील हेडेसडोर्फ येथें आले. सन १८५४ मध्यें तेथेंही त्यांनीं एक धर्मार्थ मंडळ काढिलें. निराधार मुलांचें संगोपन, तुरुंगांतून सुटलेल्यांस काम, वाचनालय, गुरें, कर्ज, सर्व कांहीं त्या एका मंडळानें हातीं घेतलें. हेतु उत्तम, कामही उत्तम. परंतु कांहीं वर्षांत सधन सभासदांचा उत्साह मावळूं लागला. जबाबदारी त्यांची आणि लाभ दुसऱ्यांचा, अशी ती रचना होती. देणारा थकतो, आणि घेणारा हात पसरून उभाच राहतो.

ही गोष्ट रायफायझन यांस फार लागली. ते प्रॉटेस्टंट ख्रिस्ती व अत्यंत भाविक मनुष्य होते. भुकेल्यास व उघड्यास केलें तें आपणांसच केलें, असें प्रभु न्यायाच्या दिवसाविषयीं बोलतांना शिकवितो. त्या मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर त्यांचें मन जडलेलें होतें. म्हणून धर्मार्थ दान सोडून स्वावलंबनाच्या मार्गास जाणें त्यांस प्रथम जड गेलें. परंतु अनुभवापुढें त्यांनीं आपलें मत नमविलें. सन १८६४ मध्यें हेडेसडोर्फ येथें त्यांनीं जी पतपेढी उभारिली, तिचा पहिला नियम असा कीं ज्यास कर्ज हवें त्यानें स्वतः सभासद झालें पाहिजे.

या पतपेढीचें बीज कोठें आहे तें नीट पाहावें. एकट्या गरिबास कोणी स्वस्त व्याजानें पैसा देत नाहीं, कारण त्याच्यापाशीं गहाण ठेवण्यास कांहीं नसतें. परंतु गांवांतील पुष्कळ कुटुंबें एकमेकांस जामीन राहिलीं व प्रत्येकानें आपलें सर्वस्व त्या जबाबदारींत घातलें, तर त्यांच्या शब्दास बाजारांत किंमत येते. अशा जामिनकीला आंधळेपणा परवडत नाहीं. म्हणून पेढीचें क्षेत्र एका मंडळीपुरतें किंवा जवळच्या कांहीं खेड्यांपुरतें लहान ठेविलें, म्हणजे प्रत्येकास प्रत्येकाची चालचलणूक ठाऊक असावी. कर्ज बियाण्यासाठीं, गुरांसाठीं, जमिनीच्या सुधारणेसाठीं, चैनीसाठीं नाहीं. पंचांनीं काम फुकट करावें, हिशेबनिसासच काय तें वेतन मिळावें. नफा वांटून न घेतां गंगाजळींत टाकावा, आणि ती गंगाजळी कोणीं कधींही फोडूं नये. फेडीची मुदत शेताच्या उत्पन्नास जुळेल अशी लांब असावी. या शेवटल्या गोष्टीवरून शहरांतील सहकारी पेढ्यांचे पुढारी शुल्त्से-डेलिच यांचा व त्यांचा मोठा वाद झाला; परंतु शेताचें पीक महाजनाच्या तारखेप्रमाणें पिकत नाहीं, हें रायफायझन जाणून होते.

हें सर्व त्यांनीं सुखांत बसून केलें नाहीं. सन १८६३ मध्यें त्यांची पत्नी एमिली वारली. त्यांची स्वतःची प्रकृति ढासळली, दृष्टि जवळजवळ गेली, आणि सन १८६५ मध्यें अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षीं नोकरी सोडावी लागली. पेन्शन तुटपुंजें होतें. संसार चालविण्यासाठीं त्यांनीं चिरुटांचा कारखाना काढिला, मग द्राक्षारसाचा व्यापार केला. थोरली कन्या अमाली ही त्यांचे डोळे झाली. ते सांगत व ती लिही. अशा स्थितींत सन १८६६ मध्यें पतपेढ्यांविषयींचें त्यांचें पुस्तक प्रसिद्ध झालें आणि तें वाचून दूरदूरच्या खेड्यांत पेढ्या निघूं लागल्या. एका गांवीं पैसा पडून असावा व दुसऱ्या गांवीं टंचाई असावी, हें टाळण्यासाठीं सन १८७२ मध्यें नॉयवीड येथें अनेक पेढ्यांची मिळून एक मध्यवर्ती पेढी स्थापिली गेली.

सत्याच्या दृष्टीनें त्यांचा एक दोषही सांगितला पाहिजे. उत्तर वयांत यहूदी व्यापाऱ्यांविषयीं त्यांनीं अन्यायाचें लिहिलें. नाडणूक हें एका जातीचें पाप नव्हे. तें लोभाचें पाप आहे, आणि लोभ सर्व जातींत वसतो. चांगल्या मनुष्याचें चांगलें काम उचलावें, त्याचा दोष उचलूं नये.

ता. ११ मार्च १८८८ रोजीं, सत्तर वर्षें पूर्ण होण्यास थोडे दिवस उरले असतां, त्यांचा अंत झाला. तेव्हां त्यांच्या पद्धतीच्या चारशेंहून अधिक पेढ्या चालत होत्या.

आमच्या देशाशीं त्यांचा संबंध कसा आला तें आतां पाहूं. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कर्जानें पिचलेले शेतकरी उठले व त्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळिलीं. खत जळालें, पण कर्जाची गरज जळाली नाहीं. सन १८७९ च्या कायद्यानें कोर्टांत शेतकऱ्यास कांहीं आसरा मिळाला, तरी पुढल्या पेरणीस पैसा कोठून आणावा हा प्रश्न तसाच राहिला. मद्रास इलाख्यांतील अधिकारी फ्रेडरिक निकलसन यांनीं सन १८९५ व १८९७ मध्यें आपल्या अहवालांत रायफायझन यांची पद्धति हाच खरा उपाय ठरविला. सन १९०४ मध्यें सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, व खेड्यांतील संस्थांस अमर्याद जबाबदारीचें तेंच तत्त्व लावण्यांत आलें. दुसऱ्याच वर्षीं गदगजवळील कणगिनहाळ येथें, म्हणजे तेव्हांच्या मुंबई इलाख्यांत व आतांच्या कर्नाटकांत, पहिली ग्रामसंस्था निघाली. आज गांवोगांवीं ज्या पतपेढ्या व सोसायट्या आहेत, त्या याच वंशांतल्या होत. सन २०१६ मध्यें युनेस्कोनेंही सहकाराच्या कल्पनेस मानवजातीच्या अमूर्त वारशांत स्थान दिलें.

तथापि नांव राहतें आणि जीव जातो, असें पुष्कळदां घडतें. जेथें कर्ज ओळखीनें मिळतें, वसुली तोंड पाहून होते आणि पंचास पेढी आपली वाटूं लागते, तेथें पाटी सोसायटीची असली तरी रायफायझन यांचें काम तेथें नाहीं. नियम कागदावर लिहिणें सोपें. शेजाऱ्यास जामीन राहणें कठीण, आणि शेजाऱ्यानें आपल्यावर ठेविलेला विश्वास पेरणीपासून फेडीपर्यंत पाळणें त्याहून कठीण.

म्हणून उपदेशक बंधूंनीं व मंडळीच्या पंचांनीं एक विचार करावा. आपल्या गांवीं एखादी विधवा दोन मुलांसह अर्ध्या एकरावर दिवस काढीत असेल. सणाला तिला शेरभर धान्य देणें चांगलें. तें अवश्य द्यावें. परंतु पेरणीच्या आधीं तिच्या शेजारीं उभें राहून, तिच्या शब्दास आपला शब्द जोडणारे चार जण मंडळींत आहेत काय? ते असतील तर तिचें शेत तिचेंच राहील, आणि पुढल्या वर्षीं दुसऱ्या कोणासाठीं जामीन राहण्यास तीही पुढें येईल.