ओटो वॉरबर्ग : रक्तपेशीतील आडवाटेचा शोधक

तापीच्या काठचे सुरत हे शहर पोटापाण्यासाठी दूरदूरहून आलेल्या माणसांनी वाढविले. हिऱ्यांना पैलू पाडणारे सौराष्ट्रातील कारागीर, यंत्रमागांवर राबणारे ओडिशाचे कामगार आणि उधना-लिंबायतच्या वस्त्यांत स्थिरावलेली खानदेशी मराठी कुटुंबे यांनी हे शहर गजबजलेले आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत अशा दाट वस्त्यांना हिवतापाची भीती असते. त्यातील व्हायव्हॅक्स नावाचा हिवताप बरा झाल्यासारखा वाटून पुन्हा उलटतो, कारण त्याचे जंतू यकृतात दडी मारून बसतात. त्यांना नष्ट करण्यासाठी प्रायमाक्विन हे औषध साधारणपणे चौदा दिवस दिले जाते. गोव्यातील रुग्णालाही हेच औषध मिळते आणि बहुतेकांना ते निर्धोक ठरते. काही थोड्यांना मात्र ते घेतल्यावर दोन-तीन दिवसांतच लघवी काळपट होते, डोळे पिवळे पडतात आणि रक्तातील तांबड्या पेशी झपाट्याने फुटू लागतात.

सुरतेत स्थायिक झालेल्या वाटलिया प्रजापती समाजातील अनेकांच्या रक्तात या धोक्याचे मूळ असल्याचे तेथील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले. तांबड्या पेशीतील एका विकराची जन्मजात उणीव या समाजात इतर अनेक लोकसमूहांहून बरीच अधिक आढळली. या विकराचे नाव लांबलचक आहे : ग्लुकोज-सहा-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातील जीसिक्सपीडी. त्याचा माग सर्वप्रथम काढणाऱ्या शास्त्रज्ञाचा सुरतेशी, गोव्याशी किंवा हिवतापाशी काहीही संबंध नव्हता. बर्लिनमध्ये आयुष्य वेचलेल्या त्या शास्त्रज्ञाचे नाव ओटो हाइनरिख वॉरबर्ग.

वॉरबर्ग यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८८३ रोजी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे झाला. वडील एमिल वॉरबर्ग हे नामांकित पदार्थवैज्ञानिक होते. ते ज्यू कुळातील, तर आई प्रॉटेस्टंट घराण्यातील. आइन्स्टाइनसारख्या शास्त्रज्ञांशी वडिलांचा स्नेह होता. त्यामुळे अचूक मोजमापाशिवाय निसर्गाबद्दल काही बोलू नये, हा संस्कार मुलावर लहानपणीच झाला. ओटो यांनी एमिल फिशर यांच्या हाताखाली रसायनशास्त्राची डॉक्टरेट १९०६ मध्ये मिळविली आणि पुढे हायडेलबर्ग येथून १९११ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. कर्करोगाचे कारण शोधून काढायचे, ही महत्त्वाकांक्षा त्यांनी तारुण्यातच मनाशी बाळगली होती.

नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात समुद्री अर्चिनच्या अंड्यांवर काम करताना, अंडे फलित होताच त्याचे प्राणवायू घेण्याचे प्रमाण सुमारे सहापट वाढते, असे त्यांनी दाखवून दिले. पेशी वेगाने वाढू लागली की तिचा श्वास बदलतो. मग कर्करोगाच्या बेबंद वाढणाऱ्या पेशीच्या श्वासात काय घडत असेल, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला.

पहिल्या महायुद्धात ते घोडदळात दाखल झाले, जखमी झाले आणि शौर्यपदकाचे मानकरीही ठरले. १९१८ मध्ये आइन्स्टाइन यांनी पत्र लिहून, अशा बुद्धीच्या माणसाने रणांगण सोडून प्रयोगशाळेत परतावे, अशी गळ घातली. वॉरबर्ग परतले, पण घोडेस्वारीचा छंद आणि लष्करी शिस्त त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. विद्यार्थ्यांच्या घोळक्यापेक्षा यंत्रशाळेत घडलेले, हाताला कसब असलेले तंत्रज्ञ त्यांना अधिक जवळचे वाटत. पेशींनी शोषलेला वायू मोजणारे दाबमापक आणि जिवंत ऊतींचे अतिपातळ काप करून त्यांवर प्रयोग करण्याची रीत ही त्यांची देणगी पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी उचलली.

१९२० च्या दशकात त्यांना कर्कपेशींची एक विलक्षण खोड आढळली. प्राणवायू मुबलक असतानाही त्या साखर पूर्णपणे जाळत नाहीत, तिचे लॅक्टिक आम्ल करून टाकतात आणि त्यासाठी प्रचंड साखर फस्त करतात. श्वसनयंत्रणेतील बिघाड हेच कर्करोगाचे मूळ, असा निष्कर्ष वॉरबर्ग यांनी काढला. दरम्यान पेशीच्या श्वसनात लोहयुक्त विकराचा वाटा काय, हे त्यांनी उलगडले आणि त्यासाठी १९३१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक एकट्या त्यांना मिळाले. त्याच वर्षी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने बर्लिनच्या डालेम भागात त्यांची स्वतंत्र पेशीशरीरक्रिया संस्था उभी राहिली.

कीर्तीच्या या शिखरावर असतानाच त्यांच्या हातून दुसरा शोध लागत होता. बाल्टिमोर येथील संशोधकांना असे आढळले होते की, एरवी फारसा प्राणवायू न घेणाऱ्या तांबड्या पेशी मेथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य मिसळल्यावर साखर जाळू लागतात. वॉरबर्ग यांनी या निरीक्षणाचा पिच्छा पुरविला. सहकारी वॉल्टर क्रिश्चन यांच्यासह त्यांनी तांबड्या पेशी फोडून त्यांचा रस तपासला. तेव्हा साधी साखर त्यात तशीच राहिली, परंतु फॉस्फेटचा एक रेणू जोडलेली साखर मात्र जळाली. या क्रियेला लागणारे विकर त्यांनी १९३१ मध्ये ओळखले आणि त्याला मधले विकर अशा अर्थाचे जर्मन नाव दिले. तेच आजचे जीसिक्सपीडी.

हे विकर एकट्याने काम करीत नव्हते. साखरेतून काढलेला हायड्रोजन उचलून नेणारा एक सोबती त्याला लागे. घोड्याच्या रक्तातून वॉरबर्ग आणि क्रिश्चन यांनी तो वेगळा केला आणि १९३५ च्या सुमारास त्यात निकोटिनामाइड असल्याचे दाखविले. त्याच्या रेणूत फॉस्फेटचे तीन घटक निघाले. भारमुक्त असताना त्याला आज एनएडीपी म्हणतात आणि हायड्रोजनचा भार घेतल्यावर एनएडीपीएच. निकोटिनामाइड हा ब जीवनसत्त्वाच्या कुळातील पदार्थ. पेलाग्रा या रोगावर त्याच कुळातील निकोटिनिक आम्ल गुणकारी असल्याचे पुढच्या दोनच वर्षांत अमेरिकेत स्पष्ट झाले. जीवनसत्त्वे शरीरात नेमके काय करतात, याचे एक ठोस उत्तर घोड्याच्या रक्ताने दिले होते.

पेशीत शिरलेल्या साखरेचा हमरस्ता ऊर्जेकडे जातो. या रस्त्याच्या पहिल्याच नाक्यावर जीसिक्सपीडी उभे असते आणि काही साखर आडवाटेला वळविते. या वाटेचे पुढचे टप्पे लंडनचे फ्रँक डिकन्स आणि नंतर बर्नार्ड होरेकर, एफ्राइम रॅकर आदींनी १९५० च्या दशकापर्यंत जोडले. तिलाच पेन्टोज फॉस्फेट मार्ग म्हणतात. तेथे मुख्यत्वे दोन वस्तू हाती लागतात. एक म्हणजे पाच कार्बनांची शर्करा, जिच्यावाचून डीएनए आणि आरएनए घडत नाहीत. दुसरी म्हणजे एनएडीपीएच. चरबी आणि कोलेस्टेरॉल घडविण्यास ते लागते आणि ग्लुटाथायोन नावाच्या रक्षक द्रव्याला ते पुन्हा पुन्हा ताजे करते. तांबड्या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. एनएडीपीएच मिळविण्यासाठी तिला ही एकच आडवाट आहे. ती अरुंद असेल, तर प्रायमाक्विनसारख्या औषधाने निर्माण होणारे दाहक प्राणवायू-रेणू हिमोग्लोबिन बिघडवितात, पेशीचे आवरण कमकुवत होते आणि पेशी फुटते.

हे सारे उमगण्यापूर्वी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. वॉरबर्ग यांच्याकडे चार वर्षे शिकलेले हान्स क्रेब्स यांना १९३३ मध्ये फ्रायबुर्गची नोकरी गमवावी लागली आणि ते इंग्लंडला गेले. अनेक ज्यू शास्त्रज्ञ देशोधडीला लागले. पित्याच्या बाजूने ज्यू असलेले वॉरबर्ग मात्र आपली संस्था सोडून गेले नाहीत. १९४१ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले, पण काही आठवड्यांतच कर्करोग संशोधनासाठी परत बोलावण्यात आले. राज्यकर्त्यांना कर्करोगाचे भय होते आणि त्या भयाने त्यांना जणू अभय दिले. प्रयोगशाळा टिकवण्यासाठी त्यांनी अशा राजवटीच्या छायेत राहणे पत्करले, याबद्दल परदेशातील सहकाऱ्यांच्या मनात अढी राहिली. ती अकारण होती, असे म्हणवत नाही. १९४३ मध्ये बॉम्बवर्षावामुळे संस्था बर्लिनबाहेरील लीबेनबर्ग येथे हलविण्यात आली. १९४५ मध्ये तेथील उपकरणे सोव्हिएत फौजांनी नेली. ज्या उपकरणांसाठी त्यांनी देश सोडला नव्हता, तीच हातची गेली. डालेमची संस्था १९५० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि साठी ओलांडलेले वॉरबर्ग पुन्हा कामाला लागले.

पुढे अमेरिकेत प्रायमाक्विन घेतलेल्या काही जणांची रक्तपेशी का फुटते, याचा छडा लावताना शिकागोच्या संशोधकांना १९५६ मध्ये वॉरबर्ग यांचेच विकर त्यांच्या रक्तात कमी आढळले. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो पुरुषांत अधिक प्रकट होतो. हिवतापाचे थैमान असलेल्या प्रदेशांतच तो जास्त का आढळतो, याचेही उत्तर मिळत गेले : अशा पेशीत हिवतापाच्या जंतूला नीट फोफावता येत नाही. रक्ताचे काही आनुवंशिक दोष हिवतापापासून रक्षण करीत असावेत, हा विचार जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये मांडला होता. हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.

वॉरबर्ग स्वतः मात्र कर्करोगाच्या आपल्या सिद्धान्ताला अखेरपर्यंत चिकटून राहिले. विरोध त्यांना सहन होत नसे. प्रकाशसंश्लेषणाच्या मोजमापावरून त्यांनी आपलेच शिष्य रॉबर्ट इमर्सन यांच्याशी दीर्घ वाद घातला आणि त्यात काळाने इमर्सन यांच्या बाजूने कौल दिला. कर्कपेशी इतकी साखर का खातात, याचे आजचे उत्तरही त्यांच्या उत्तराहून वेगळे आहे. दर वेळी दुभंगताना पेशीला नवे डीएनए, नवी चरबी घडवावी लागते. त्यासाठी ती साखरेचा काही भाग पेन्टोजच्या आडवाटेने नेते. आपल्या पहिल्या कोड्याच्या उत्तराचा एक धागा आपल्याच दुसऱ्या शोधात गुंतलेला आहे, हे त्या हट्टी माणसाला दिसले नाही. १ ऑगस्ट १९७० रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांची एक साधी युक्ती मात्र रोज वापरात आहे. हायड्रोजन उचललेला हा सोबती ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतो आणि मोकळा असताना शोषत नाही, हे वॉरबर्ग यांनी हेरले होते. त्यावरून विकरांचे काम प्रकाशाने मोजता येऊ लागले. यकृताच्या तपासणीतील एसजीपीटीचा आकडा याच तत्त्वावर काढला जातो. जीसिक्सपीडीची एक सोपी चाचणीही त्याच गुणाच्या आधारे होते. रक्ताचा थेंब रसायनात मिसळून गाळणकागदावर टिपतात आणि अतिनील दिव्याखाली धरतात. विकर पुरेसे असेल, तर एनएडीपीएच तयार होऊन ठिपका निळसर चमकतो. ठिपका काळा राहिला, तर प्रायमाक्विन लिहिण्यापूर्वी डॉक्टरला थांबावे लागते. सुरत असो वा पणजी, रुग्णाला पुरविण्याजोगा सावधपणा त्या ठिपक्यातून काही मिनिटांत मिळतो.